व्यापारी आणि संसद



व्यापारी आणि खासदार एकत्र बसले की आपल्याला प्रथम थैलीचा वास येतो. हा संशय अगदीच निराधार नव्हे. परंतु बंद दाराआडची भेट निराळी, समितीपुढची साक्ष निराळी.

दिवाळखोरी संहितेचे विधेयक डिसेंबर २०१५ मध्ये लोकसभेत आले आणि ३० खासदारांच्या संयुक्त समितीकडे गेले. पक्षाच्या प्रतोदाची सत्ता सभागृहात, समितीत नाही. उद्योगमंडळे, बँका यांनी तेथे आपले म्हणणे मांडले. कंपनी बुडाल्यास कामगारांच्या १२ महिन्यांच्या थकलेल्या वेतनाला मसुद्यात अग्रक्रम होता. समितीने तो २४ महिन्यांचा केला. मे २०१६ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते मान्य केले. थैलीवाल्यांच्या समितीकडून हे घडते ना!

मात्र उधारीवर माल पुरवणारा आपल्या पेठेतला लहान व्यापारी? कंपनी विकून आलेल्या पैशात त्याची पाळी बँकांच्या, कामगारांच्या, एवढेच काय, सरकारी देण्याच्याही मागून. मोठ्यांची मंडळे दिल्लीत आहेत. पेठेचे कोण बोलणार? समित्या निवेदने मागवतात, तशी जाहिरात वृत्तपत्रांतही येते. ती वाचून आपल्या व्यापारी संघाने कधी चार ओळी धाडल्या आहेत काय, हे येथे बसलेल्या पदाधिकाऱ्यांना आम्ही विचारू इच्छितो.