फोनच्या नकाशात आपली वाडी

कुणी भाजी निवडता निवडता ऐकत असेल, कुणी गटाच्या बैठकीला जमून ऐकत असेल. हातातलं काम चालू ठेवा, फक्त कान इकडे असू द्या.

आज आपल्याला पत्त्याबद्दल बोलायचं आहे. पत्ता सांगणं ही आपल्याला अंगवळणी पडलेली गोष्ट. पाहुणा येणार असला की आपण म्हणतो, "फाट्यावर उतरा, सडा संपला की खाली वळा, साकव ओलांडा, डाव्या हाताला गडगा लागेल, पाखाडी चढलात की पहिलं बेडं आमचं." गावातल्या माणसाला एवढं पुरतं. पण आता आपल्याकडे येणारा माणूस हा पत्ता ऐकून निघत नाही. तो म्हणतो, "ताई, लोकेशन पाठवा." पर्यटक तेच म्हणतो, गॅसची गाडी तेच म्हणते, आंब्याच्या पेट्या न्यायला येणारा टेम्पोवालाही तेच म्हणतो.

लोकेशन म्हणजे ठावठिकाणा. तो फोनला कसा कळतो, त्यातून कोण कमावतं, आणि त्यात आपली वाडी कुठे आहे, हे आज समजून घेऊ.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू. आपण पत्त्याखाली जो सहा आकडी पिनकोड लिहितो, तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्यामागचं डोकं होतं श्रीराम भिकाजी वेलणकर यांचं, म्हणजे आपल्या राजापूरात जन्मलेल्या माणसाचं. ते केंद्र सरकारात अधिकारी होते आणि संस्कृतचे मोठे कवीही होते. तेव्हा अडचण अशी होती की एकाच नावाची गावं ठिकठिकाणी, अक्षर लागत नाही, भाषा वेगवेगळ्या, त्यामुळे पत्रं भलतीकडे जायची. आता पाली म्हटलं तर कुठली? आपल्या रत्नागिरीतही पाली आहे आणि रायगडात बल्लाळेश्वराचीही पाली आहे. आकडा असला की घोळ होत नाही.

पण पिनकोड पत्र पोचवतो टपाल कचेरीपर्यंत. तिथून पुढे आपलं घर ठाऊक असतं ते पोस्टमनदादाला. कोकणातलं गाव म्हणजे एका जागी दाटीने बसलेली घरं नव्हेत. दोन डोंगरांच्या कुशीत पसरलेल्या आठ-दहा वाड्या म्हणजे एक गाव. त्यात वरची वाडी, मधली वाडी, खालची वाडी ही नावं जवळजवळ प्रत्येक गावात. आमच्या गटाची आंबापोळी न्यायला निघालेली एक गाडी अशीच शेजारच्या गावातल्या त्याच नावाच्या वाडीत जाऊन उभी राहिली. फोनवर फोन करून ती आमच्याकडे पोचेपर्यंत दोन तास गेले. आंबापोळी होती म्हणून निभावलं. आजारी माणूस असता तर?

म्हणून हा विषय फक्त शहरातल्या मुलांचा नाही, मैत्रिणींनो. तो आपला आहे.

आता फोनला ठिकाण कसं कळतं ते बघू. जमिनीपासून सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे जीपीएसचे उपग्रह फिरत असतात. ते सतत वेळ सांगणारा संदेश पाठवतात. आपला फोन तो संदेश नुसता ऐकतो आणि तो यायला किती वेळ लागला त्यावरून उपग्रहाचं अंतर काढतो. चार उपग्रहांचं अंतर मिळालं की आपण कुठे उभ्या आहोत ते त्याला कळतं. ही सोय आधी अमेरिकेच्या सैन्यासाठी होती. १९८३ मध्ये वाट चुकलेलं एक कोरियन प्रवासी विमान रशियाच्या हद्दीत शिरून पाडलं गेलं, त्यानंतर ती सगळ्यांसाठी खुली करायचं अमेरिकेने जाहीर केलं. तरी २००० सालापर्यंत सामान्यांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम चूक ठेवली जायची. ठिकाण शंभरेक मीटर इकडे-तिकडे दाखवलं जायचं. आपल्याकडे शंभर मीटर म्हणजे खाडीच्या या काठाचं घर त्या काठावर! मे २००० मध्ये ती चूक काढली, आणि मग हा धंदा वाढला.

आपल्या देशानेही स्वतःची सोय केली. इस्रोने जुलै २०१३ मध्ये पहिला उपग्रह सोडला, एप्रिल २०१६ मध्ये सातवा, आणि त्या सगळ्याचं नाव ठेवलं नाविक. भारत आणि सीमेपलीकडचा सुमारे १५०० किलोमीटरचा पट्टा त्यात यावा, अशी त्याची आखणी आहे.

मिरकरवाड्याच्या आणि हर्णैच्या बहिणींना हे नवं नाही. आपल्या हातात फोन यायच्या आधीपासून बोटीवर जीपीएसचं यंत्र आलेलं आहे. समुद्राच्या पाण्याचा रंग आणि तापमान उपग्रहावरून पाहून मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे, ते हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था मच्छीमारांना कळवते. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये एक लाख बोटींवर इस्रोच्या तंत्राचं यंत्र बसवायची योजना देशभरासाठी सुरू झाली. मोबाइलची रेंज नसली तरी त्यातून बोटीवर वादळाचा इशारा पोचतो आणि बोटीवरून मदतीची हाक किनाऱ्यावर येते. घरचा माणूस समुद्रात असताना दाराशी उभं राहणाऱ्या बाईला याचं मोल वेगळं सांगायला नको.

यातून आपण एक गोष्ट लक्षात ठेवायची. ठिकाण कळायला इंटरनेट लागत नाही, कारण ते उपग्रहावरून कळतं. नकाशाचं चित्र दिसायला मात्र इंटरनेट लागतं. म्हणून रेंज असेल तिथेच आपल्या तालुक्याचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवायचा. गूगल मॅप्समध्ये ऑफलाइन नकाशा म्हणून सोय आहे. मग घाटात रेंज गेली तरी आपण कुठे आहोत ते दिसत राहतं.

उपग्रह झाले, आता नकाशा. उपग्रह फक्त जागा सांगतो. तिथे रस्ता आहे की विहीर, हे कुणीतरी लिहावं लागतं. पूर्वी हे काम कंपन्या पैसे घेऊन करायच्या. गाडीत बसवायचं यंत्र मिळायचं, नकाशासाठी वेगळे पैसे मोजावे लागायचे. आपल्या देशात १९९५ मध्ये रश्मी वर्मा आणि राकेश वर्मा या पतिपत्नीने मॅपमायइंडिया कंपनी काढली आणि रस्त्यारस्त्याची माहिती गोळा करायला घेतली. एवढ्या मोठ्या कामाला एका बाईने हात घातला, हे आपण लक्षात ठेवू. त्यांच्या ॲपचं नाव मॅपल्स.

२००५ मध्ये गूगलचा नकाशा आला. २००९ मध्ये त्याने फोनवर "इथे डावीकडे वळा" असं फुकट सांगायला सुरुवात केली, आणि ती यंत्रं विकणाऱ्या कंपन्यांचं धाबं दणाणलं. भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारने नियम सैल केले, त्यामुळे भारतीय कंपन्यांना नकाशा करायला आधी परवानगी काढावी लागत नाही. जुलै २०२४ मध्ये ओलाने गूगलचा नकाशा सोडून स्वतःचा वापरायला घेतला. त्याच महिन्यात गूगलने भारतातल्या कंपन्यांसाठी नकाशाचे दर उतरवले.

आपल्याला फुकट आणि कंपन्यांना दर, हे कसं? तर टॅक्सीवाले, घरपोच जेवणवाले अशा कंपन्या नकाशा वापरायचे पैसे देतात. दुकानं जाहिरातीचे देतात. आणि आपण? आपण माहिती देतो. रस्त्यावर गर्दी आहे हे नकाशाला कसं कळतं? त्या रस्त्यावरून हळू चाललेल्या आपल्याच फोनांवरून. म्हणजे आपण नकाशाचे गिऱ्हाईकही आहोत आणि गडीही आहोत!

मग शहाणपण कशात? एकतर नकाशावर आंधळा विश्वास ठेवायचा नाही. जुलै २०२५ मध्ये नवी मुंबईत बेलापूरला रात्री एक बाई गाडी चालवत होती. नकाशा बघत ती पुलावर चढायच्या ऐवजी पुलाखालच्या रस्त्याने गेली आणि गाडी थेट खाडीत पडली. सागरी सुरक्षेचे पोलीस जवळच होते, म्हणून ती वाचली. आणि महाडचा सावित्रीचा पूल आपल्यापैकी कोण विसरेल? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो पुरात वाहून गेला आणि जयगडहून व राजापूरहून निघालेल्या आपल्या दोन एसटी गाड्या पाण्यात गेल्या. त्यात नकाशाचा दोष नव्हता. पण एवढं कळतं, की पूल वाहून गेला तरी नकाशावरची रेघ तशीच राहते. पावसाळ्यात साकव गेला, दरड आली, तर ते आधी कुणाला कळतं? आपल्याला. म्हणून गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांना आपण आधीच फोन करून सांगायचं, की नकाशा जवळची वाट दाखवेल, पण ती धरू नका.

दुसरं शहाणपण जास्त महत्त्वाचं. नकाशाला जे सांगितलं तेवढंच तो जाणतो. आजवर त्याला सांगितलं कुणी? बहुतेक गाडी चालवणाऱ्यांनी आणि दुकानदारांनी. म्हणून त्यात हॉटेल सापडतं, पेट्रोल पंप सापडतो. आपली अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र, पाण्याची टाकी, गटाचं विक्री केंद्र शोधून बघा, बऱ्याच ठिकाणी नसतं. आणि वाडीच्या वाटा तर आपल्या पायांनाच माहीत. कुठली पाखाडी पावसात निसरडी होते आणि गाडी नेमकी कुठवर येते, हे लाकडं आणणारी, पाणी भरणारी बाई जितकं जाणते तितकं कुणी जाणत नाही. मग हे सांगायचं काम आपलंच.

ते अवघड नाही. गूगलच्या नकाशात योगदान म्हणून एक भाग असतो, त्यात ठिकाण जोडता येतं. गटाचं दुकान, घरगुती खानावळ, पाहुण्यांची खोली यांची नोंदही फुकट होते. त्यासाठी पैसे मागणारा फोन आला तर सरळ ठेवून द्या. फक्त वाडीचं नाव सगळ्यांनी मिळून एकच ठरवा, आणि पुढे गावाचं नाव जरूर लावा. तिने एक लिहिलं आणि हिने दुसरं, तर गोंधळ वाढेल. कुणाचं राहतं घर त्या घरातल्या बाईला विचारल्याशिवाय टाकू नका.

टपाल खात्यानेही २७ मे २०२५ ला डिजिपिन सुरू केला आहे. सगळा देश चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनांत पाडून प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-आकड्यांची खूण दिली आहे. म्हणजे वेलणकरांनी पत्र कचेरीपर्यंत आणलं, ही खूण बेड्यापर्यंत आणते. टपाल खात्याच्या संकेतस्थळावर ती फुकट बघता येते. ती वहीत लिहून ठेवा, आशाताईंच्या वहीतही लिहा.

आणि अडीनडीला १०८ ला फोन केला, तर नुसतं "लोकेशन पाठवलं" म्हणून थांबू नका. गावाचं नाव, वाडीचं नाव, तालुका सांगा, आणि एक माणूस विजेरी घेऊन फाट्यावर उभा करा. रात्री दोन वाजता बाळंतीण वेदना सोसत असताना फाट्यावरचा माणूस उपग्रहाइतकाच मोलाचा असतो.

आता तिसरी गोष्ट, जी बायका चारचौघींत बोलत नाहीत. ठावठिकाणा सांगता येतो, तसा तो काढताही येतो. व्हॉट्सॲपवर चालतं लोकेशन देताना पंधरा मिनिटं, एक तास की आठ तास, हे आपण निवडतो. रात्री उशिरा एसटीने येताना ते बहिणीला द्यावं, चांगलंच आहे. पण गूगलच्या नकाशात बंद करेपर्यंत चालू राहणारी सोयही आहे. कुणी आपला फोन हातात घेऊन ती चालू केली, तर आपण माहेरी गेलो, बँकेत गेलो की पोलिसांकडे गेलो, सगळं त्याला घरबसल्या दिसतं. हे काळजीपोटी असू शकतं, पाळतही असू शकते. दोन्हींतला फरक एकच, आपल्याला विचारलं होतं का? म्हणून महिन्यातून एकदा लोकेशन शेअरिंग उघडून बघा, तिथे कुणाचं नाव आहे. नको असेल तर बंद करा. पण ते बंद केल्यावर घरात मारहाण होईल अशी भीती असेल, तर एकटीने काही करू नका. आधी विश्वासाच्या मैत्रिणीला सांगा, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा. जीव धोक्यात असेल तर ११२.

तसंच, बॅटरीच्या ॲपला, खेळाच्या ॲपला आपला ठिकाणा कशाला हवा? त्याने मागितला तर नाही म्हणा. नकाशाला द्यायचाच झाला, तर "ॲप वापरताना फक्त" एवढीच परवानगी द्या.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढं करा. मोठ्या कागदावर आपल्या वाडीचा नकाशा काढा. ज्यांना लिहिता येत नाही त्या आजीला आधी बोलवा, तिला सगळ्या वाटा पाठ असतात. अंगणवाडी, उपकेंद्र, टाकी, गटाचं दुकान, गाडी येते ती शेवटची जागा, एवढं त्यावर दाखवा. मग कुणाच्या मुलीला फोन घेऊन बसवा आणि यातलं काय फोनच्या नकाशात नाही ते तपासा. जे नसेल ते घाला, जे चुकलं असेल ते दुरुस्त करायला सांगा. अडलात तर रेडिओवर कळवा, आपण मिळून सोडवू.

नमस्कार.