शेततळ्याचा बांध : पाणी अडवा, पण त्याला वाटही ठेवा

(शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



धाराशिव जिल्ह्यात पाण्याची किंमत कुणी कुणाला सांगायला नको. २०१५-१६ च्या दुष्काळात आपण बागा टँकरने जगवल्या, काहींना त्या तोडाव्या लागल्या. त्या अनुभवातून शेतोशेती शेततळी आणि खाजगी साठवण तलाव झाले. हे चांगलेच झाले. परंतु सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा, भूम भागात अतिवृष्टीने पिके पाण्याखाली गेली, जमिनी खरवडून गेल्या, हेही आपण पाहिले. आपल्याकडे पाणी एक तर येत नाही, आणि येते तेव्हा एकदम येते. म्हणून आज पाणी कसे साठवावे याविषयी न बोलता, ते अडवून धरणारा मातीचा बांध कसा सांभाळावा याविषयी आपण विचार करू.

प्रथम एक हिशेब करू. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल आणि एकास एक उताराचे शेततळे पूर्ण भरले म्हणजे त्यात सुमारे २२ लाख लिटर, म्हणजेच २२०० टन पाणी असते. तळे जमिनीत खोदलेले असेल तर हे पाणी कुठे जात नाही. पण विहिरीचे पाणी उपसून भरण्यासाठी चारही बाजूंनी भराव घालून उंच तळे केले असेल, किंवा ओढ्याला आडवा बांध घातला असेल, तर जमिनीच्या पातळीवर जेवढे पाणी आहे तेवढे फुटून बाहेर येऊ शकते. आपल्या तळ्यातील किती फूट पाणी जमिनीच्या वर आहे, आणि खालच्या अंगाला कुणाचे घर, गोठा किंवा विहीर आहे, एवढे तरी प्रत्येकाला माहीत पाहिजे.

बांध का फुटतात?

मातीचा बांध मुख्यतः तीन कारणांनी फुटतो. एक, पाणी माथ्यावरून वाहते. दोन, पाणी आतून पोखरून वाट काढते. तीन, भरावाचा उतार घसरतो.

पहिल्या कारणाचे उदाहरण परदेशातले आहे, पण ते आपल्याला लागू पडते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात साउथ फोर्क नावाचे मातीचे धरण होते. ते एका खाजगी क्लबच्या मालकीचे होते. गाड्या जाव्यात म्हणून माथा थोडा खाली घेतला होता. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या होत्या. तळातून पाणी सोडण्याचे लोखंडी नळ आधीच्या मालकाने काढून विकले होते, ते पुन्हा बसवले नाहीत. ३१ मे १८८९ रोजी मोठा पाऊस झाला, जाळ्यांत काडीकचरा अडकला, पाणी माथ्यावरून गेले आणि धरण फुटले. खालच्या जॉन्सटाउन परिसरात २२०० हून अधिक माणसे मेली. आता आपल्याकडे पाहा. बांधावरून ट्रॅक्टर नेऊन माथा एका जागी दबलेला असतो. मत्स्यपालन करणारे सांडव्याला जाळी लावतात. चुका त्याच आहेत.

दुसऱ्या कारणाची उदाहरणे आपल्याच राज्यातली आहेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले. काम पूर्ण झालेले नसताना त्यात पाणी भरले होते आणि विमोचकाच्या नळावरील भराव खचला. चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि वीसहून अधिक माणसे गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. नंतर खेकड्यांवर खापर फोडले गेले. खेकडा बीळ करतो हे खरे, पण ते बीळ वेळेवर शोधणे हे माणसाचेच काम आहे.

बांधणी करताना

आपली काळी चिकणमाती पाणी चांगले अडवते, पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. नुसत्या काळ्या मातीचा बांध मे महिन्यात उकलतो आणि पहिल्या मोठ्या पावसाचे पाणी त्या भेगांतून शिरते. म्हणून काळी माती गाभ्यात घालावी आणि दोन्ही अंगांना मुरमाचे आवरण द्यावे. गाभ्याखाली चर खोदून तो कठीण थरापर्यंत न्यावा व काळ्या मातीने भरावा. झाडाची मुळे, गवत व ढेकळे भरावात जाऊ देऊ नयेत. माती १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांत टाकून, ओलवून, रोलरने दाबावी. मुठीत दाबून तिचा लाडू वळला पाहिजे. लाडू भुसभुशीत झाला तर पाणी कमी आहे, हाताला चिखल लागला तर जास्त आहे. भराव पुढे बसतो, म्हणून त्याची उंची दहा टक्के जास्त ठेवावी. लहान बांधाला पाण्याकडील उतार उभ्या एकास आडवे अडीच ते तीन आणि बाहेरील उतार एकास दोन असावा.

बांधातून आरपार नळ टाकणे शक्यतो टाळावे. नळाच्या कडेने माती नीट दबत नाही आणि पाणी तिथूनच वाट काढते. त्याऐवजी माथ्यावरून सायफनने पाणी घ्यावे.

सांडवा

नळदुर्गला आपण सर्वजण जाऊन आलो आहोत. बोरी नदीवरील तो दगडी बंधारा आणि त्यातील पाणीमहाल इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, १६१३ साली बांधला गेला. पावसाळ्यात नर-मादी धबधबे पाहायला गर्दी होते. पण ते धबधबे म्हणजे जादा पाण्याला ठरवून दिलेली वाट आहे, हे आपण विसरतो.

आपल्या सांडव्याचा हिशेब असा करावा. समजा तळ्याला १० हेक्टरचे पाणी येते. जमीन भिजून तृप्त झाली आहे आणि तासाला ६० मिलिमीटर पाऊस पडतो आहे. तासाला ६००० घनमीटर पाणी येईल. ६ मीटर रुंदीच्या मोकळ्या सांडव्यावरून ते सुमारे ३० सेंटिमीटर खोलीने निघून जाईल. जाळी आणि झुडपांनी निम्मी रुंदी अडली तर तेच पाणी ४८ सेंटिमीटर चढेल. तुमचा माथा सांडव्यापेक्षा फक्त दीड फूट उंच असेल, तर ते माथ्यावरून वाहू लागेल. म्हणून सांडव्यापासून माथा किमान एक मीटर उंच असावा. सांडवा भरावात न काढता मूळ जमिनीत काढावा आणि त्यातून सुटलेले पाणी बांधाच्या पायाकडे येऊ देऊ नये.

ज्यांची तळी प्लॅस्टिक अस्तराची असून मोटारीने भरतात, त्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. वीज रात्री येते, ऑटो स्टार्टरने मोटार चालू होते आणि मालक झोपलेला असतो. अशा तळ्याला भरावाच्या बाहेर, पायथ्यापलीकडे पाणी सोडणारा ओव्हरफ्लो पाइप हवाच. तो मोटारीच्या पाइपपेक्षा मोठा असावा. अस्तर फाटलेले दिसल्यास लगेच जोडून घ्यावे, नाही तर पाणी गुपचूप भरावात मुरत राहते. तळ्याला कुंपण करावे आणि आत गाठी मारलेला दोर सोडून ठेवावा. निसरड्या प्लॅस्टिकवरून पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही.

वर्षभराची देखरेख

मे महिन्यात भेगा, उंदीर-घुशींची बिळे व वारुळे खोदून, ओल्या मातीने थराथराने दाबून भरावीत. माथ्याची पातळी गवंड्याकडील पाण्याच्या नळीने तपासावी. बांधावर बाभूळ, सुबाभूळ वाढू देऊ नये, कारण मुळे कुजली की त्यांच्या जागी पोकळ्या राहतात. हरळी किंवा मारवेल लावावा. तळे प्रथम भरताना ते टप्प्याटप्प्याने भरावे. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, आणि मोठ्या पावसानंतर लगेच, बांधाच्या बाहेरील पायथ्याने चालत जावे. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप उमरगा, लोहारा भाग विसरलेला नाही. जमीन हादरल्यावरही हीच पाहणी करावी.

पायथ्याशी पाझर दिसला तर तांब्यात पाणी धरून पाहावे. पाणी नितळ असेल तर जागेवर खूण करून रोज लक्ष ठेवावे. पाणी गढूळ असेल तर बांधाची माती वाहून जात आहे असे समजावे. अशा वेळी प्रथम खालच्या वस्तीला कळवावे, पोलीस पाटील व तहसील कार्यालयाला सांगावे आणि सायफन व पंप लावून पाणी उतरवावे. पाझराचे तोंड चिखलाने बुजवू नये, कारण कोंडलेले पाणी दुसरीकडे फुटते. त्यावर वाळू, मग बारीक खडी, मग दगड असे थर द्यावेत, म्हणजे पाणी निघते व माती थांबते. बांधावर गर्दी करू नये. एरवी मात्र तळे हळूहळू रिकामे करावे. पाणी एकदम उतरवल्यास आतील ओला उतार घसरतो.

शेवटी जबाबदारीविषयी. केंद्र सरकारचा २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच, आणि काही अटींवर १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना लागू आहे. आपला बांध त्यात बसत नाही, म्हणून त्या कायद्याखाली कुणी तपासणीला येणार नाही. पण नुकसानीची जबाबदारी त्याने संपत नाही. इंग्लंडमध्ये एका गिरणीमालकाच्या खाजगी तळ्याचे पाणी शेजाऱ्याच्या कोळसा खाणीत गेले. गिरणीमालकाचा स्वतःचा निष्काळजीपणा नसतानाही १८६८ साली वरिष्ठ न्यायालयाने त्यालाच जबाबदार धरले. आपल्या न्यायालयांनीही त्या तत्त्वाचा आधार घेतला आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी खालच्या शेतातला माणूस आपलाच भाऊबंद असतो आणि तो रात्री आपल्या बांधाच्या भरवशावर झोपतो. म्हणून माझी विनंती आहे, येत्या रविवारी त्याला बरोबर घेऊन बांधाच्या पायथ्याने एक फेरी मारा. काय पाहायचे ते त्यालाही दाखवा. दोघांनी एकमेकांचे फोन नंबर लिहून ठेवा आणि सांडव्याची जाळी त्याच दिवशी काढून टाका.