स्टीलची चमक आणि मिठाचं पाणी
(महिला मंडळाच्या सभेतील भाषण)

भगिनींनो, मीठ-पाण्यात वीज सोडून जंतुनाशक पाणी करणारी बाटली आता काही घरांत आली आहे. त्यात क्लोरीनचं संयुग तयार होतं, ते जंतू मारतं. पण थोडं मीठही उरतं.

लिफ्टचं दार, जिन्याचा कठडा, आपलं सिंक स्टेनलेस स्टीलचं. त्यात किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं. त्याचा अदृश्य थर गंज अडवतो. मिठाचं पाणी साचून वाळलं, की तोच थर फुटतो, बारीक खड्डे पडतात. म्हणून आधी साबणाने तेलकटपणा काढा, मग हे पाणी लावा, काही मिनिटांनी साध्या पाण्याने धुऊन कोरडं पुसा.

ॲसिडमध्ये मात्र कधीही मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू सुटतो. जिना पुसणाऱ्या मावशींनाही हे आवर्जून सांगा. बादली त्यांच्याच हातात असते.