माहेरी आलेल्या रुग्णाची जबाबदारी
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत प्रशासकांनी केलेले भाषण)



वार्षिक जमाखर्चाचे पत्रक आपल्या हाती आहेच. त्यातील आकड्यांच्या मागे दडलेल्या एका प्रश्नाकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. आम्ही वाणिज्य शाखेचे. वैद्यकशास्त्राविषयी अधिकारवाणीने बोलणे आम्हांस शोभणार नाही. परंतु प्रवेशअर्ज आमच्या नजरेखालून जातात. विवाहित स्त्री-रुग्णाचे नाव सासरचे, पत्ता बुधवार पेठेतील माहेरचा आणि अनामत रकमेच्या कागदावर सही वृद्ध वडिलांची, असे अर्ज आमच्या चांगलेच परिचयाचे आहेत.

माहेर हे आपल्याकडे लेकीच्या विसाव्याचे स्थान. पहिले बाळंतपण माहेरी, तसे आजारपणही माहेरी, हे आपण गृहीत धरतो. परंतु बाळंतपणाला सव्वा महिन्याची मर्यादा असते. क्षय, कर्करोग किंवा मूत्रपिंडाचा विकार यांना ती नसते. जुन्या वाड्याचा लाकडी जिना, वर दोन खोल्या, वडिलांचे निवृत्तिवेतन आणि भावाचा संसार, एवढ्यात हे आजारपण सामावून घ्यावे लागते. पहिल्या महिन्यात सारे विचारपूस करतात. तिसऱ्या महिन्यात 'सासरी केव्हा जाणार?' हा प्रश्न येतो. विचारणारी माणसे दुष्ट नसतात, थकलेली असतात. आणि हा प्रश्न ऐकू येण्याआधीच रुग्णाला तो जाणवलेला असतो.

पुण्याला हे दुःख नवे नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात वैद्यकीय पदवी मिळविली. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली होती. परंतु क्षयाने ग्रासलेल्या अवस्थेत त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, पुण्यात त्यांचे निधन झाले. आईची शुश्रूषा लाभली, पण औषध उपलब्ध नव्हते. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२ साली जगापुढे आणला होता. त्यावरील पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली हाती आले. त्या काळी माया होती, उपाय नव्हता. आज उपाय आहे. तो पूर्ण होईपर्यंत माया टिकवावयाची आहे.

घरी राहून उपचार होऊ शकतात, हेही आपल्याच देशाने सिद्ध केले. १९५६ साली मद्रासच्या केंद्रात क्षयरुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटास आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्यास घरीच. औषधे दोघांनाही वर्षभर सारखीच दिली. घरच्या रुग्णांना आहार कमी आणि जागा अपुरी असूनही दोन्ही गटांतील परिणाम जवळपास सारखे आले, आणि घरातील इतर माणसांना त्यामुळे अधिक लागण झाली असेही आढळले नाही. हे निष्कर्ष १९५९ साली प्रसिद्ध झाले. निर्णायक ठरली ती नियमितपणे घेतलेली औषधे.

म्हणून माहेर अपुरे पडते ते जागेमुळे नव्हे, सातत्य तुटल्यामुळे. साध्या क्षयाचा उपचार किमान सहा महिन्यांचा. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते आणि लेकीस सासरी धाडले जाते. तेथे गोळ्या मागे पडतात. मग औषधास दाद न देणारा क्षय उद्भवू शकतो. बरे वाटणे आणि बरे होणे यांतील अंतर दोन्ही घरांनी मिळून ओलांडावयाचे असते.

कागदपत्रांचेही तसेच. शिधापत्रिकेवर नाव सासरी असते आणि कागद तेथील कपाटात राहतात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेसाठी किंवा धर्मादाय रुग्णालयांतील निर्धन व दुर्बल घटकांच्या राखीव खाटांसाठी ते वेळेवर मिळाले नाहीत, तर सवलत असूनही वडिलांना मुदतठेव मोडावी लागते. क्षयरुग्णास पोषणासाठी मिळणारे शासकीय साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये झाले आहे. त्यासाठी नोंदणी आणि बँकखाते लागते. जिल्हा बदलल्यास नोंदणी व उपचार पुढे वर्ग करता येतात, हे अनेकांना ठाऊक नसते.

यास्तव आमची विनंती अशी. सासरच्या मंडळींनी सुनेस माहेरी पाठविताना कागदपत्रे आणि खर्चातील वाटा सोबत पाठवावा. माहेरच्यांनी संकोच न करता तो मागावा. आणि रुग्णालयाने रुग्णास घरी सोडताना, तिच्या संमतीने, दोन्ही घरच्या माणसांना एकत्र बसवून पुढील सहा महिन्यांचे वेळापत्रक हाती द्यावे. यास खर्च फारसा नाही. वेळ मात्र लागेल आणि तो आपण द्यावा.

याच पेठेत अशाही स्त्रिया राहतात, ज्यांना माहेराचे दार कायमचे बंद झाले आहे. एचआयव्हीवरील औषधे शासकीय केंद्रांत २००४ पासून विनामूल्य मिळू लागली. परंतु गोळी घेतलीस का, जेवलीस का, असे विचारणारे माणूस कोणत्याही योजनेतून मिळत नाही. त्यांच्यासाठी नातेवाइकाच्या नावाचा रकाना रिकामा राहतो. तेथे आपल्या परिचारिका आणि समाजसेविका यांनीच उभे राहावे, अशी अपेक्षा आम्ही नम्रपणे व्यक्त करतो.

देणगीदारांनी दिलेला प्रत्येक रुपया अखेर अशाच कोण्या वडिलांची मुदतठेव वाचवितो.