वर्दी उतरल्यावरचं कोर्ट



अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या पार पश्चिम टोकाला, नायगाराच्या धबधब्याजवळ, बफेलो नावाचं शहर आहे. तिथल्या शहर न्यायालयात रॉबर्ट रसेल नावाचे न्यायाधीश दोन वेगळी कोर्टं चालवायचे. एक व्यसनात अडकलेल्या आरोपींचं, दुसरं मानसिक आजार असलेल्यांचं. या दुसऱ्या कोर्टात एक माणूस यायचा. व्हिएतनामच्या युद्धात लढलेला. मान खाली, खांदे पडलेले. विचारलं तर हो किंवा नाही, त्यापुढे काही नाही. उपचारांचा काहीच उपयोग होत नव्हता.

एका तारखेला रसेल यांनी कोर्टात हजर असलेल्या दोघांना सांगितलं, याला जरा बाहेर घेऊन जा आणि बोला. ते दोघंही व्हिएतनामला जाऊन आलेले. वीसेक मिनिटांनी तिघं परत आले. तो माणूस आता पाय थोडे फाकवून, हात पाठीमागे बांधून ताठ उभा होता. आपल्या कवायतीतलं ‘विश्राम’ डोळ्यांसमोर आणा. त्याने न्यायाधीशांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, मी प्रयत्न करीन.

बाहेर काय बोलणं झालं, याला माझ्या मते फार महत्त्व नाही. कोण बोललं, याला आहे. जानेवारी 2008 मध्ये रसेल यांनी बफेलोत फक्त माजी सैनिकांसाठी उपचार न्यायालय सुरू केलं. अलास्कातल्या अँकरेजमध्ये असा प्रयोग 2004 मध्येच झाला होता, पण देशभर नक्कल झाली ती बफेलोची. आज अमेरिकेत अशी सहाशेहून जास्त कोर्टं आहेत.

नावात ‘उपचार’ आहे म्हणून तिथे आरोपीचे लाड होतात, असं समजू नका. मुळात ही कल्पना 1989 मध्ये मायामीत सुरू झालेल्या अमली पदार्थांच्या कोर्टातून आली. आरोपीपुढे निवड ठेवली जाते: नेहमीचा खटला चालवायचा, की वर्षभर, कधी दीड-दोन वर्षं या कोर्टाच्या देखरेखीखाली राहायचं. दुसरा रस्ता घेतला, की सुरुवातीला दर एक-दोन आठवड्यांनी न्यायाधीशांसमोर उभं राहायचं. लघवीची तपासणी कधीही होऊ शकते. समुपदेशन, व्यसनमुक्ती, कामधंदा, राहायची सोय, सगळ्याचा हिशेब भर कोर्टात. चुकला तर शिक्षा, प्रसंगी काही दिवस तुरुंगही. नीट पार पाडलं तर गुन्हा रद्द होतो किंवा शिक्षा हलकी होते. काही वकील अशिलाला स्पष्ट सांगतात, बाबा रे, तीन महिने आत बसून येणं यापेक्षा सोपं आहे.

मग माजी सैनिकांसाठी वेगळं काय? दोन गोष्टी. पहिली म्हणजे कोर्टातच बसलेला माजी सैनिक खात्याचा माणूस. 2009 पासून या केंद्रीय खात्याने त्यासाठी खास कर्मचारी नेमले. हा माणूस समोर लॅपटॉप उघडून बसतो आणि आरोपीची अपॉइंटमेंट तिथल्या तिथे ठरवतो. ‘अमुक दवाखान्यात जा’ असा कागद हातात देऊन पाठवलं, तर निम्मे लोक पोचतच नाहीत, हे सरकारी कचेरीत एकदा तरी गेलेल्या कोणालाही सांगायला नको. शिवाय उपचारांचा खर्च ते खातं करतं, कोर्टाला पदरचे पैसे घालावे लागत नाहीत. ही कोर्टं इतक्या झपाट्याने का पसरली, याचं अर्धं उत्तर या हिशेबात आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे सोबती. प्रत्येक आरोपीला एक स्वयंसेवक माजी सैनिक जोडून देतात. तो वकील नाही, डॉक्टर नाही, पोलिसांचा खबऱ्या तर नाहीच. रात्री दोन वाजता फोन आला तर उचलणारा माणूस. फौजेत मदत मागणं म्हणजे कमजोरी, हे अंगात भिनलेलं असतं. ते काढायला तिथूनच आलेला माणूस लागतो.

इथे एक गैरसमज दूर करू. युद्धावरून आलेला माणूस म्हणजे पेटता बॉम्ब, असं सिनेमाने आपल्या डोक्यात भरवलंय. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या 2011-12 च्या पाहणीत सुमारे 1,81,500 माजी सैनिक तुरुंगात होते, एकूण कैद्यांच्या 8 टक्के. पण दर लाखामागे बघितलं तर माजी सैनिकांचं प्रमाण इतरांपेक्षा कमीच होतं. सैनिक जास्त गुन्हे करतात, असा दावा इथे नाहीच. काहींच्या गुन्ह्याची मुळं सेवेत झालेल्या जखमेत असतात, एवढंच म्हणणं आहे.

ती जखम कोर्टाने बघायची की नाही? जॉर्ज पोर्टर हा कोरियाच्या युद्धात लढलेला, जखमी झालेला सैनिक. 1986 मध्ये फ्लोरिडात त्याने दोन खून केले आणि त्याला मृत्युदंड झाला. जूरीपुढे त्याच्या वकिलाने ही लढाईची हकिकत मांडलीच नव्हती. 2009 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे चुकीचं ठरवलं. आघाडीवर लढलेल्यांना शिक्षेत सवलत देण्याची या देशाची जुनी परंपरा आहे, असं नमूद केलं. खुनाचा आरोपी उपचार न्यायालयात जात नाही, हे खरं. पण विचार तोच.

आता आक्षेप. नागरी हक्कवाल्यांनी सुरुवातीलाच विचारलं: वस्तीत गोळीबार बघत वाढलेल्या पोरालाही आघात होतो, मग त्याला हे दार का नाही? या प्रश्नाला मला समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही. घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणांत तर मार खाल्लेल्या बाईला वाटणारच, की नवऱ्याची पदकं माझ्यापेक्षा मोठी ठरली. काही कोर्टं अशी प्रकरणं घेतच नाहीत, काही बाईच्या सुरक्षेच्या अटी घालून घेतात.

मला सर्वांत जास्त सलतो तो मात्र वेगळाच पेच. युद्धावरून आलेला जवान झोपत नाही, दारू पितो, वरिष्ठाशी भांडतो, ड्यूटीवर येत नाही. फौज त्याला ठपका ठेवून घरी पाठवते. असा ठपका असलेल्याला माजी सैनिक खात्याचे उपचार अनेकदा मिळत नाहीत, आणि ते मिळत नाहीत म्हणून अनेक उपचार न्यायालयांचं दारही बंद. ज्या आजाराने त्याला तिथे आणलं, त्याच आजाराच्या लक्षणांमुळे तो बाहेर राहतो. 2017 मध्ये खात्याने अशांसाठी आणीबाणीच्या मानसिक उपचारांपुरतं दार किलकिलं केलं. किलकिलंच.

आपल्याकडे असं कोर्ट नाही. सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, पण ते पेन्शन, बढती, कोर्ट मार्शल अशा सेवेच्या बाबी बघतं. निवृत्त जवानाने गावात मारामारी केली तर खटला इतरांसारखाच चालतो. मात्र कायद्यात जागा अगदीच नाही असं नाही. 1958 चा परिवीक्षा कायदा योग्य प्रकरणांत तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडण्याची मुभा देतो. अमली पदार्थांच्या कायद्यातलं कलम 39 थोडक्या मालात दोषी ठरलेल्या व्यसनीला, त्याच्या संमतीने, शिक्षेऐवजी उपचारांना पाठवू देतं. आणि बऱ्याच जिल्ह्यांच्या ठिकाणी सैनिक कल्याण कार्यालय आहे. तिथे रोज बसणारे निवृत्त सुभेदार, हवालदार आहेत. आज त्यांच्याकडे लोक पेन्शनच्या कागदांसाठी जातात. कोर्टातल्या एखाद्या जवानाशी व्हरांड्यात वीस मिनिटं बोलायला त्यांना अजून कोणी बोलावलेलं मी तरी ऐकलं नाही.