रांधणारीचे ताट
(वार्षिक पालक मेळाव्यातील भाषण)



शिक्षकाला व्यासपीठावर उभे केले की तो अभ्यासावर बोलणार, असे सर्वांनी धरून चाललेले असते. मी आज स्वयंपाकघराविषयी बोलणार आहे. कोणी म्हणेल, सरांनी आपला इतिहास-भूगोल शिकवावा, डाळ-भात कशाला? त्याचे कारण आधी सांगतो.

गेल्या वर्षी सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी आठवीतील एक मुलगी चक्कर येऊन खाली बसली. चौकशी केली तेव्हा कळले की ती नुसता चहा घेऊन शाळेत आली होती. तिच्या आईला बोलावून घेतले. मी न्याहारीचे महत्त्व समजावून सांगितले, त्यांनी सगळे मुकाट्याने ऐकून घेतले. जाताना मात्र जिन्याचा कठडा धरून त्या क्षणभर थांबल्या. मी विचारले, "आपा, तुम्ही सकाळपासून काय खाल्लेत?" त्या हसल्या. म्हणाल्या, "मेरा क्या सर, जो बचता वो खा लेती." सहा माणसांचे रांधून, चार डबे भरून ती माउली उपाशी आली होती. मुलगी घरी जे पाहत होती तेच शिकली होती, आणि मी दोष देत होतो मुलीला.

माझी अम्मीही अशीच होती. आम्ही भावंडे दस्तरखानावरून उठलो की पातेल्यात उरले असेल ते घेऊन ती ओट्याशीच जेवायची. आम्ही त्याला त्याग म्हणायचो, आणि तसे म्हणणे आमच्या सोयीचेही होते. पन्नाशीच्या आतच तिला मधुमेह निघाला. डॉक्टरांनी तिच्या जेवणाच्या वेळा विचारल्या, तेव्हा आम्हा एकाही भावंडाला उत्तर देता आले नाही.

तेव्हा घरचे अन्न प्रकृतीला चांगले, एवढे म्हणून भागत नाही. ते कोणाच्या प्रकृतीला चांगले, हेही पाहावयास हवे. जीव ही अल्लाहने दिलेली अमानत आहे असे आपण म्हणतो. मग रांधणारीचा जीव त्या हिशेबातून वगळता येईल काय?

या बाबतीत आपल्या पुण्यातच मोठे संशोधन झालेले आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. गरोदरपणी त्या काय खातात आणि मूल कसे जन्मते, हे त्यांनी नोंदवून ठेवले. 2001 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आईने पोटात एकूण अन्न किती घातले यापेक्षा तिच्या खाण्यात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा येते, याचा बाळाच्या वाढीशी अधिक संबंध दिसला. या खेड्यांतील बाळांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो होते, इंग्लंडमधील बाळांचे सुमारे साडेतीन किलो. मात्र आपले बाळ दिसायला रोड असले तरी त्याच्या अंगातील चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. पुढे मोठेपणी मधुमेह होण्याचा धोका असल्या शरीराला जास्त असतो. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज निघाला. म्हणजे भगिनींनो, तुमच्या ताटात न वाढलेली मेथी ही केवळ तुमची खासगी बाब राहत नाही.

मेथी म्हटले की आपल्याकडे नाके मुरडली जातात. गोश्त नसले तर पाहुण्याला काय वाढायचे, असा प्रश्न पडतो. पण आपल्याच आजी-नानींच्या हातचे अंबाडी-गोश्त, शेपू-गोश्त, पालक-गोश्त आठवा. त्यात पाव किलो गोश्ताला दोन-तीन जुड्या भाजी पडत असे आणि त्यात सगळे घर जेवत असे. दालच्यात दुधी आणि डाळ भरपूर, हाडे चवीपुरती. ही गरिबीतून आलेली शहाणीव होती. हातात चार पैसे आले तशी आपण भाजी कमी केली, तेल वाढवले आणि त्यालाच खानदानी जेवण म्हणू लागलो.

तेलावरून आठवले. नववीच्या मुलांना मी गणिताचा तास मागून घेऊन एक काम दिले. घरात महिन्याला तेल किती येते आणि माणसे किती, एवढेच लिहून आणायचे. वरून घातलेले तेल-तूप माणशी रोज 20 ते 30 ग्रॅम पुरे, असे आहारशास्त्र सांगते. पंचवीस धरले तर पाच माणसांना महिन्याला पावणेचार किलो, म्हणजे सुमारे चार लिटर झाले. मुलांच्या वह्यांतले आकडे मी येथे वाचून दाखवीत नाही, कारण त्यांचे पालक समोर बसले आहेत. हा हिशेब घरी जाऊन तुम्हीच करावा. मीठही माणशी रोज एक सपाट लहान चमचा, त्याहून जास्त नको. लोणचे-पापड त्यातच धरायचे, हे लक्षात असू द्या.

रमजानची गोष्ट तर वेगळीच. मोमिनपुऱ्यात किंवा कोंढव्याच्या कौसरबागेत संध्याकाळी काय गर्दी असते, हे मी सांगायला नको. मीही त्या गर्दीत असतो, खोटे कशाला बोलू! पण घरातली बाई सहरीसाठी सर्वांच्या आधी उठते आणि इफ्तारची भजी गरम मिळावीत म्हणून अजानच्या वेळीही कढईपाशी उभी असते. तिच्या हातात खजूर कोणी दिला का, हे कोणी पाहत नाही. आजारी माणसाला रोजाची सवलत आपल्या दीनने दिली आहे. रोजा सोडतानाची सवलत मात्र घरच्या माणसांनी द्यावयाची असते.

आता विद्यार्थी मित्रांनो, विशेषतः मुलांनो, तुमच्याकडे वळतो. 2019 सालच्या सरकारी पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाचा वेळ 299 मिनिटे होता, तर पुरुषांचा 97 मिनिटे. त्यातही घरकामाला हात लावणारे पुरुष चौघांत एखादाच. हजरत पैगंबर घरी असताना घरच्यांच्या कामात हातभार लावीत, असे हजरत आयेशा यांनी सांगितल्याचे हदीसमध्ये आहे. ते आपण जुम्याच्या बयानात ऐकतो आणि घरी येऊन "पाणी दे" म्हणतो. माझी पत्नी बाळंतपणाला रुग्णालयात होती तेव्हा बी.ए., बी.एड. झालेल्या मला साधी खिचडी येत नव्हती. चार दिवस वडापाव खाऊन मीच आजारी पडलो. बहिणीने फोनवरून वाटी-वाटीने माप सांगितले, तेव्हा पहिली खिचडी झाली. खाली लागली होती, पण ती माझी होती.

कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' 1970 साली आले. त्यांनी वाटी-चमच्याचे माप दिल्यामुळे नवख्यालाही ते पुस्तक समोर ठेवून स्वयंपाक करता आला. तुम्ही दहावी होईपर्यंत चार गोष्टी शिका : खिचडी, एक पालेभाजी, अंड्याचा एखादा प्रकार आणि चपाती. उद्या शिक्षणासाठी खोली घेऊन राहाल, तेव्हा मेस बंद असेल त्या रात्री पदवी उपयोगी पडत नाही. भाजी आधी धुवावी, मग चिरावी, कारण चिरून धुतली तर सत्त्व पाण्याबरोबर जाते. पालेभाजीवर लिंबू पिळावे, म्हणजे तिच्यातले लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, त्याने ते लोह वाया जाते. 2019-21 च्या पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळले आहे. तेव्हा ही लिंबाची फोड क्षुल्लक समजू नका.

भगिनींना एकच विनंती. रांधून झाले की पहिल्या पंगतीबरोबर आपलेही ताट वाढून घ्या. चपात्या गार होतील, होऊ द्यात. त्या मुलीच्या आई मला मागच्या महिन्यात भेटल्या. सासूबाईंना आधी आवडले नाही, म्हणाल्या. आता सासूबाईच हाक मारतात, कारण एकटीने जेवायला त्यांनाही बरे वाटत नाही. मुलगी सकाळी अंडे-चपाती खाऊन येते. चक्कर पुन्हा आलेली नाही, गणित मात्र अजून कच्चे आहे.

सभेनंतर बाहेर चहा आहे. तो नववीच्या मुलांनी केला आहे. साखर कमी वाटेल, ती मुद्दामच कमी घातली आहे. कप विसळण्याचे कामही त्यांचेच आहे, तेव्हा कृपया कप टेबलावरच ठेवावेत.