अन्नपूर्णेचे नाव कोणत्या वहीत?
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



कोकणात काय अन् घाटावर काय, देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की मुंबईकर चाकरमान्यांची वर्गणी आलीच. परळ-लालबागच्या चाळींत गावकीच्या एकेका खोलीत वीस-वीस गडी पाळीपाळीने राहत, गिरणीत राबत आणि पगाराला देवाचा रुपया बाजूला काढीत. त्यांची नावे वर्गणीच्या वहीत आहेत, ती योग्यच. परंतु या गड्यांना दोन वेळा जेवू घालणाऱ्या खानावळवालीचे नाव कोणत्या वहीत आहे?

चूल फुंकणे पुरुषाला कमीपणाचे, ही समजूत. म्हणून गड्याने खानावळ लावायची. बाईने रांधले तर ते घरकाम, हीही समजूत. म्हणून पहाटेपासून भाकऱ्या थापणारी बाई कामगार ठरली नाही. गावकीची बैठक पुरुषांची, बाईची हजेरी चहापुरती.

१९७४ सालचा गिरणी संप ४२ दिवस चालला. पगार थांबले, तरी गड्यांची ताटे उधारीवर वाढली गेली. वाण्याची बाकी थकली, सावकाराचे व्याज चढले. संपाचा हा भार बायकांनी वाहिला. गोवा मुक्तिलढ्यात गोळी झेललेल्या कॉम्रेड प्रेमा पुरव यांनी तो ओळखला आणि १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. पहिल्या १४ जणींना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळाले. पुढे ही संख्या हजारांवर गेली. कर्जाच्या कागदावर नाव बाईचे, सही वा अंगठाही तिचाच. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, पुढे गिरण्याच बंद पडत गेल्या. तेव्हा गिरणगावातील कित्येक घरे बाईच्या पोळी-भाजीच्या डब्यांवर तरली. २००२ साली प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा २०११ पासून स्त्रियांसाठी राखीव आहेत. देवळाच्या समितीत मात्र गावाची सद्‌बुद्धी हाच कायदा. सडा-रांगोळी अन् महाप्रसाद बायकांकडे, हिशेब अन् ठराव पुरुषांकडे, ही वाटणी देवाने केलेली नाही. काशीत साक्षात विश्वेश्वर अन्नपूर्णेपुढे भिक्षापात्र घेऊन उभा राहतो, त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

तरी नवी समिती निवडताना माता-भगिनींना बैठकीत बसवावे, हिशेबाची वही त्यांच्या हाती द्यावी आणि देणगीफलकावर त्यांची नावे त्यांच्याच नावाने कोरावीत, ही ग्रामस्थांना नम्र विनंती.